पंधरा लाखांचं व्याज

आमच्या घराण्यात ठरवून, हिशेब मांडून लवकर निवृत्त झालेला पहिला माणूस म्हणजे आप्पाकाका. ३१ मार्च २००१ ला त्यांनी बँकेतलं टेबल सोडलं तेव्हा पन्नाशीला तीन महिने कमी होते. त्याआधी आमच्याकडे लोक दोनच कारणांनी घरी बसायचे, एक तर वय झालं म्हणून, नाहीतर गिरणी बंद पडली म्हणून. (मोठे मामा दुसऱ्या गटातले. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

हल्ली घरातली तिशीतली मुलं जेवताना सुद्धा "पंचेचाळीसला बास", "खर्चाच्या पंचवीसपट साठले की मोकळे" असलं काहीबाही बोलत असतात. ते ऐकलं की मला काकांची वही आठवते. लाल कापडी बांधणीची, बँकेच्या स्टेशनरीतली. त्यातले आकडे काकूंना विचारून इथे देते आहे, कारण हा नुसता आमच्या घरचा मामला नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख माणसं व्हीआरएस घेऊन बाहेर पडली. डोंबिवली, ठाणे, पुणे, कुठेही जा, दर दोन सोसायट्यांमागे एक आप्पाकाका सापडायचा.

वहीच्या मागच्या पानावर काकांनी टप्पे लिहून ठेवलेत. ऑक्टोबर १९७२, नोकरी. १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर गावोगाव शाखा निघाल्या आणि जी भरती झाली त्यातले ते. मग १९८४ ला डोंबिवलीत वन रूम किचन, स्टाफ लोनवर. १९९१ ला "सर्व मिळून एक लाख", आणि त्याखाली दोन रेघा. एक लाखाचं त्या काळी काय अप्रूप होतं ते आता सांगूनही कळणार नाही. "लखपती" हा शब्द लोक तेव्हा गंमत म्हणून वापरत नसत. १९९८ ला घराचं कर्ज फिटलं. तिथे रेघा नाहीत, नुसतं "हुश्श" लिहिलंय.

या सगळ्या टप्प्यांच्या मागे एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे बारा टक्के. पीपीएफ १९६८ ला सुरू झाला तेव्हा त्यावर ४.८ टक्के व्याज होतं. ते चढत चढत १९८६ ला बारावर गेलं आणि जानेवारी २००० पर्यंत बारावरच बसून राहिलं. चौदा वर्षं! एका अख्ख्या पिढीची कमावती वर्षं त्यात गेली, त्यामुळे बारा टक्के हा सरकारने ठरवलेला दर आहे हेच लोक विसरले. सूर्य पूर्वेला उगवतो तसं पैशाला बारा टक्के व्याज मिळतं. किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायचं. (जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट हा सावकाराला घातलेला लगाम होता, मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकावेळी वसूल करता येणार नाही असा. आणि आम्ही पोस्टाच्या खिडकीत उभे राहून तोच शब्द कौतुकाने वापरायचो.) हे दर बाजारात ठरत नव्हते, दिल्लीत ठरत होते. सरकारला पैसा हवा होता आणि मध्यमवर्गाला ठेवायला जागा हवी होती, दोघांचंही छान चाललं होतं.

आता व्हीआरएस. नोव्हेंबर २००० मध्ये योजनेची चर्चा सुरू झाली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षं, एवढीच अट. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी ते मिळणार. काकांची अठ्ठावीस वर्षं पूर्ण झालेली, म्हणजे छप्पन्न महिन्यांचा पगार. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून बारा हजार धरले तर सहा लाख बहात्तर हजार. फंड, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे धरून एकूण पंधरा लाख. पेन्शन नाही, कारण १९९५ ला बँकांत पेन्शन आलं तेव्हा काकांनी फंडच कायम ठेवला होता. एकरकमी पैसे हातात आले की बारा टक्क्यांनी कुठलंही पेन्शन झक मारेल, असं तेव्हा त्यांच्या शाखेतल्या बहुतेकांचं गणित होतं.

डिसेंबर २००० चं वहीतलं पान बघण्यासारखं आहे. पंधरा लाख, बारा टक्के, दरमहा पंधरा हजार. हे खोडलंय, कारण जानेवारी २००० मध्ये दर अकरावर आला होता. मग पंधरा लाख, अकरा टक्के, दरमहा १३,७५०. शेजारी घरखर्च ८,५००. शेजारी हातात पडणारा पगार ९,५००. या तीन आकड्यांना एक मोठा कंस आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे घरी बसलं तर पगारापेक्षा चार हजार जास्त! सकाळी ७:५२ ची लोकल पकडून, लोंबकळत जाऊन, आपणच दरमहा चार हजारांचं नुकसान करून घेतोय, असा तो हिशेब होता. काकूंचं म्हणणं होतं की मुलगी अजून दहावीत आहे. (हे त्यांनी मला आठवणीने लिहायला सांगितलंय.) पण आकड्यांपुढे कोण बोलणार? आजही मला त्या पानात बेरजेची, गुणाकाराची चूक दिसत नाही.

अर्ज मंजूर झाला, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला यशवंत सिन्हांनी अर्थसंकल्प मांडला. दुसऱ्या दिवसापासून पीपीएफ आणि पोस्टाची मासिक प्राप्ती योजना दोन्ही साडेनऊ टक्क्यांवर. काकांचे पैसे हातात यायला अजून महिना होता.

तरी ते डगमगले नाहीत. सहा लाख पोस्टात, दोघांच्या नावावर मिळून तेवढीच मर्यादा होती. सहा लाख आपल्याच बँकेत तीन वर्षांच्या एफडीत, माजी कर्मचारी म्हणून एक टक्का जास्त, साडेदहाने. दोन लाख यूएस-६४ मध्ये आणि एक लाख हाताशी. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही १९६४ पासूनची योजना, सरकारी म्हणूनच लोक तिच्याकडे बघायचे. काकांनी एप्रिलमध्ये युनिट चौदा रुपयांच्या आसपास घेतलं. त्याच एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या कंपन्या आपले पैसे तिथून काढून घेत होत्या, हे नंतर बाहेर आलं. २ जुलै २००१ ला युनिट ट्रस्टने खरेदी-विक्रीच सहा महिने बंद केली. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते.

वर्षअखेर त्या चौदाच्या युनिटची खरी किंमत ५ रुपये ८१ पैसे निघाली. पुढे सरकारने हमी घेतली, २००३ मध्ये पहिल्या पाच हजार युनिटांना बारा आणि वरच्यांना दहा रुपये या भावाने त्याचे ६.७५ टक्क्यांचे करमुक्त बाँड झाले. काकांच्या दोन लाखांचे दीड लाख झाले. डोंबिवलीत तेव्हा याहून वाईट गोष्टी ऐकू येत होत्या, त्यामुळे "दीड तरी आले" म्हणून पेढे नाहीत पण चहा झाला.

दर मात्र उतरतच होते. मार्च २००२ ला नऊ, मार्च २००३ ला आठ. किसान विकास पत्राचे साडेपाच वर्षांचे आठ वर्षं सात महिने झाले. पोस्टातले सहा लाख साडेनऊने सहा वर्षं बांधलेले होते म्हणून वाचले, पण २००४ ला एफडी सुटली तेव्हा नवी एफडी जादा टक्का धरून जेमतेम पावणेसात टक्क्यांनी झाली. महिन्याचे ५,२५० येत होते तिथे ३,३७५. सगळं मिळून २००१ मध्ये साधारण ११,६०० अपेक्षित होते, ते २००४ मध्ये नऊ हजारांवर आले. घरखर्च साडेनऊ हजार, आणि मुलीच्या इंजिनीअरिंगची वर्षाची फी म्हणजे पाच महिन्यांचं व्याज.

आता, सर्वसाधारणपणे ही गोष्ट "सरकारने व्याज कमी करून निवृत्तांना मारलं" अशी सांगितली जाते. आमच्या घरीही गणपतीत ती तशीच सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते. बारा टक्के मिळत होते त्या काळात महागाई किती होती? बरीच वर्षं आठ-दहा टक्के, १९९१ मध्ये आणि कांद्याच्या त्या १९९८ सालात तर तेराच्या आसपास. म्हणजे बारा टक्क्यांतले नऊ-दहा टक्के हे व्याज नव्हतंच, मुद्दलाची झीज भरून काढायचे पैसे होते ते. ते खर्च केले की आपण मुद्दलच खातोय, फक्त पासबुकात मुद्दल तेवढंच दिसतं म्हणून कळत नाही. २००१ नंतरची चार-पाच वर्षं महागाई चार टक्क्यांच्या जवळपास होती. म्हणजे आठ टक्क्यांत खरी कमाई बाराच्या काळापेक्षा जास्तच होती! पण ती कोणाला? ज्याने निम्मं व्याज परत मुद्दलात टाकलं त्याला. काकांना पूर्ण व्याज खर्चायला हवं होतं. त्यांचं गणित दर घसरल्यामुळे बिघडलं नाही, दर घसरल्यामुळे ते उघडं पडलं.

याच सुमारास अमेरिकेत नेमका हाच प्रश्न एकाने वेगळ्या बाजूने सोडवला होता. विल्यम बेंगन म्हणून कॅलिफोर्नियातला एक आर्थिक सल्लागार, मूळचा एरोनॉटिक्स शिकलेला. त्याने १९२६ पासूनचे शेअर, रोखे आणि महागाईचे आकडे घेतले आणि विचारलं, प्रत्येक वर्षी एकेक माणूस निवृत्त झाला असं धरलं, तर सगळ्यात फुटक्या नशिबाच्या माणसाचे पैसे तीस वर्षं पुरावेत म्हणून पहिल्या वर्षी किती टक्के काढावेत, आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत जावेत? १९९४ मध्ये छापलेलं त्याचं उत्तर साधारण चार टक्के. पंचवीसपटीचा आकडा येतो तो इथून, शंभर भागिले चार. आणि फुटक्या नशिबाचे कोण, तर १९२९ च्या मंदीवाले नव्हेत. १९६०च्या दशकाच्या शेवटी निवृत्त झालेले. सत्तरच्या दशकातल्या महागाईने त्यांना कुरतडलं.

काकांकडे खर्चाच्या पंधरापट होतं. आठ हजार पाचशे गुणिले बारा, म्हणजे वर्षाला एक लाख दोन हजार, आणि पुंजी पंधरा लाख. पंचवीसपट म्हणजे साडेपंचवीस लाख लागले असते. ते १९९४ चं अमेरिकेतलं टिपण डोंबिवलीत कोण वाचणार, आणि वाचलं असतं तरी बारा टक्क्यांच्या देशात चार टक्क्यांची गोष्ट हसण्यावारीच गेली असती. उलट आता पंचवीसपट तोंडपाठ असलेल्या आमच्या मुलांना मला विचारावंसं वाटतं की बाबांनो, ते तीस वर्षांचं आहे आणि तिकडच्या बाजाराचं आहे. पंचेचाळीसला थांबलात तर पंचेचाळीस वर्षं काढायचीत, आणि इथे पीपीएफ २०२० च्या एप्रिलमध्ये ७.१ वर आला. तुमच्या शीटमध्ये शेवटपर्यंत बारा टक्के वाढ कोणी भरली? बाराच कसे आले पुन्हा?

असो. काकांचं पुढे काय झालं ते राहिलं.

२००३ च्या जुलैत एलआयसीची वरिष्ठ पेन्शन विमा योजना आली, नऊ टक्के, पण वय पंचावन्न हवं. काका बावन्न. २००४ च्या ऑगस्टमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली, पुन्हा नऊ टक्के, वय साठ. व्हीआरएसवाल्यांना पंचावन्नची सवलत होती, पण ती निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेल्यांसाठी. काकांचे येऊन तीन वर्षं झाली होती. सरकारदरबारी ते ना कामावरचे ना ज्येष्ठ. पोस्टातल्या बाईंनी "काका, तुम्ही फार लवकर आलात" असं सांगितलं ते घरात अजून चिडवायला वापरतात.

मग त्यांनी सोसायट्यांचे हिशेब लिहायला घेतले. आधी आपली, मग समोरची, मग तीन-चार. प्रत्येकी आठशे-हजार रुपये महिना, ऑडिटच्या वेळी वेगळे. सकाळी दहा ते एक, घरातल्याच टेबलावर. २००९ मध्ये तूरडाळ किलोला शंभरीच्या आसपास गेली तेव्हा त्यांच्याकडे सात सोसायट्या होत्या, आणि त्या नसत्या तर पोस्टाच्या आठ टक्क्यांवर भागणं कठीण होतं, हे ते स्वतःच सांगतात. व्हीआरएस घेतल्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी लोकलचे किती तास वाचले त्याचा हिशेब दाखवला. तोही वहीत आहे. रोजचे सव्वातीन तास, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, दहा वर्षं. नऊ हजार शंभर तास.

जून २०११ मध्ये साठ पूर्ण झाली. बँकेत राहिले असते तर त्याच महिनाअखेर निवृत्त झाले असते. त्या आठवड्यात ते पोस्टात गेले आणि ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडलं, नऊ टक्क्यांनी. टप्प्यांच्या पानावर त्यापुढे तारीख आहे, दोन रेघा आहेत. सोसायट्या सातावरून दोनवर आणल्या. त्या दोन अजून चालू आहेत, कारण त्यांच्या मते समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला सिंकिंग फंड म्हणजे काय हेच कळत नाही.