खाडीचा गाळ बाटलीत : विनोग्राड्स्की स्तंभ

दिवा-वसई मार्गावरील गाडी कोपर सोडून भिवंडीकडे निघाली की उल्हास खाडी लागते. ओहोटीच्या वेळी काठाचा काळा गाळ उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. हा वास केवळ घाणीचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा असून, प्राणवायू नसलेल्या गाळात समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून श्वसन करणारे जीवाणू तो निर्माण करतात. सांडपाणी त्यांना मुबलक खाद्य पुरवते, त्यामुळे वासही वाढतो.

ही वस्ती विद्यार्थ्यांना घरच्या खिडकीत पाहता येते. सर्गेई विनोग्राड्स्की (१८५६-१९५३) या कीव्ह येथे जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. बेगियाटोआ हा जीवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतो, असे त्याने दाखवून दिले. निर्जीव रसायनांवरही जीवन चालू शकते, हा विचार तेव्हा नवा होता.

कृती सोपी आहे. लिटरभराच्या पारदर्शक बाटलीत दोनतृतीयांश गाळ भरावा. त्यात कालचे वर्तमानपत्र बारीक फाडून मिसळावे (जीवाणूंना लागणारे सेल्युलोज त्यातून मिळते, रद्दीचा याहून चांगला उपयोग कोणता?) आणि अंड्याच्या टरफलांची पूड घालावी. फळ्यावरचा खडू मात्र बहुधा जिप्समचा असतो. तो कार्बोनेट नव्हे, सल्फेट देतो. गोड्या तळ्याच्या गाळाला तो किंवा अंड्याचा बलक आवश्यक असतो. खाडीच्या गाळाला सहसा त्याची गरज नाही, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्याने ते विरळ होते, म्हणून गाळ उन्हाळ्यात घेतलेला बरा. वर खाडीचेच पाणी ओतून झाकण सैल ठेवावे. घट्ट लावल्यास वायू साठून बाटली फुटण्याचा धोका असतो. गाळ घेताना हातमोजे हवेत, सोबत मोठी व्यक्ती हवी आणि तिवरांची मुळे तुडवू नयेत. बाटली उजेडात, पण दुपारच्या कडक उन्हापासून दूर ठेवावी. दुसरी तशीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्यास खरी गंमत कळते.

सहा-आठ आठवड्यांत थर दिसू लागतात. तळाशी लोह सल्फाइडचा काळा भाग, त्यावर हिरवे आणि मग जांभळे गंधक-जीवाणू, तर पृष्ठभागी शेवाळ व नीलहरित जीवाणू. हिरव्यांना अधिक सल्फाइड सोसते म्हणून ते खाली राहतात. झाकलेल्या बाटलीत हे रंग उमटत नाहीत. हिरवे-जांभळे जीवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, परंतु पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरत असल्याने प्राणवायू सोडत नाहीत. याच निरीक्षणावरून कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९३० च्या दशकात तर्क मांडला की, वनस्पती सोडतात तो प्राणवायू पाण्यातून येतो. पुढे तो खरा ठरला.

डोंबिवलीसारख्या औद्योगिक परिसरात या काळ्या थराला आणखी एक अर्थ आहे. सल्फाइड हे जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम यांच्याशी संयोग पावून त्यांची न विरघळणारी संयुगे बनवते. म्हणजेच गाळ हे धातू कुलूपबंद करून ठेवतो. रेतीउपशासाठी वा भरावासाठी तोच गाळ उकरला आणि त्याला हवा लागली की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात. प्रयोग संपल्यावर बाटली कापून त्यातील काळा गाळ बशीत पसरून ठेवावा. काही तासांत त्याचा पृष्ठभाग तपकिरी पडू लागतो.