ईसीच्या भयकथा आणि त्यांचे संग्राहक

अमेरिकेत भयकथांचे पहिले नियमित कॉमिक, 'अ‍ॅडव्हेंचर्स इनटू द अननोन', १९४८ मध्ये सुरू झाले. मात्र जुन्या भयकथांचा संग्रह करणारे जिवापाड जपतात ती तीन द्वैमासिके न्यूयॉर्कच्या ईसी कंपनीची: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हाँट ऑफ फिअर'. कंपनीचे संस्थापक मॅक्स गेन्स १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात गेले आणि बायबलमधल्या चित्रकथा छापणारा, तोट्यात चाललेला धंदा त्यांचे पंचविशीतले पुत्र विल्यम गेन्स यांच्या गळ्यात पडला. त्यांनी संपादक अल फेल्डस्टाइन यांच्या साथीने १९५० मध्ये भयकथांकडे मोर्चा वळवला.

प्रत्येक अंकात बहुधा चार स्वतंत्र कथा असत आणि त्या वेगवेगळ्या चित्रकारांकडे दिल्या जात. जॉनी क्रेग यांची नेटकी, थंड रेषा, जॅक डेव्हिस यांची धसमुसळी माणसे आणि ग्रॅहम इंगल्स यांची सडून ओघळणारी प्रेते एकाच अंकात शेजारी शेजारी येत. इंगल्स तर 'घास्टली' अशीच सही करत. कथेची ओळख करून द्यायला क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर किंवा म्हातारी चेटकीण हजर असे. अन्याय करणाऱ्याला अखेरीस त्याच्याच कृत्याच्या मापाने शिक्षा मिळे. या कथा नुसत्या किळसवाण्या होत्या, हा आरोप म्हणूनच अपुरा आहे. त्यांच्यात न्यायाची कठोर चाड होती.

नव्या संग्राहकाला पहिला चकवा देतात ते अंकांचे क्रमांक. नव्या मासिकाच्या टपाल परवान्यासाठी पैसे भरावे लागत, म्हणून प्रकाशक जुन्याच मासिकाचे नाव बदलून क्रमांक पुढे चालू ठेवत. 'क्राइम पेट्रोल'चे १७व्या अंकापासून 'क्रिप्ट ऑफ टेरर' झाले आणि २०व्यापासून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. 'व्हॉल्ट'चा पहिला अंक १२ क्रमांकाचा; तो दुर्मीळ मानला जातो. 'हाँट ऑफ फिअर' १५व्या अंकापासून सुरू झाले, १७ नंतर एकदम ४ वर आले आणि पुढे चढत पुन्हा १५, १६, १७ पर्यंत पोचले. त्यामुळे या मासिकाचे १, २, ३ हे अंक अस्तित्वातच नाहीत आणि १५ ते १७ मात्र दोन-दोन आहेत. नुसता क्रमांक पाहून चालत नाही, वर्षही पाहावे लागते.

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. त्याच वर्षी २१ एप्रिलला गेन्स सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला उभे राहिले. ईसीच्याच 'क्राइम सस्पेन्सस्टोरीज'च्या २२व्या अंकाचे मुखपृष्ठ त्यांच्यापुढे धरण्यात आले: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले मुंडके. भयकथेच्या मुखपृष्ठासाठी हे अभिरुचीला धरूनच आहे, असे गेन्स यांनी सांगितले. मुंडके आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते वाईट ठरले असते, असा त्यांचा खुलासा होता. उत्तर प्रामाणिक होते, पण त्यानेच ते अडकले. ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांच्या संघटनेने आचारसंहिता लागू केली. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायला आणि कथांत चालती प्रेते व रक्तपिपासू दाखवायला बंदी आली. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'चा ४६वा अंक १९५५ च्या सुरुवातीला आला, तो शेवटचा. ब्रिटनने १९५५ मध्ये अशा कॉमिक्सविरुद्ध कायदा केला. भारतातही १९५६ मध्ये तरुणांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे, भयंकर प्रसंग मुख्यत्वे रंगवणाऱ्या चित्रकथा त्याच्या व्याख्येत येतात.

दहा सेंटचे हे अंक स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलेले. लाकडाच्या लगद्यात उरलेल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे हा कागद आधी पिवळा, मग तपकिरी पडतो आणि कडांना ठिसूळ होतो. स्टेपलला गंज चढतो आणि मधले पान सुटते. हातोहात फिरलेले, आईबापांनी रद्दीत घातलेले अंक धडपणे उरणे कठीणच. म्हणून जाणकार आधी अंक उघडून पानांची शुभ्रता, स्टेपलभोवतीचा कागद आणि पाठीवरच्या घड्या पाहतो. मुखपृष्ठाची चकाकी नंतर.

अशा नाशातून वाट काढली ती खुद्द गेन्स यांनी. प्रत्येक अंकाच्या डझनभर कोऱ्या प्रती गुंडाळून ते बाजूला ठेवत. इतर प्रकाशक मूळ चित्रे टाकून देत असताना त्यांनी तीही सांभाळली. प्रकाशक रसेल कॉक्रन यांनी आधी या चित्रांचे लिलाव केले आणि १९९० च्या सुमारास प्रती प्रमाणपत्रासह विकायला काढल्या. 'गेन्स फाइल कॉपी' म्हणून त्या आजही वेगळ्या ओळखल्या जातात.

१९५३ मध्येच ईसीच्या वाचकांचा क्लब निघाला होता आणि पोरसवदा वाचक स्वतःची हस्तमुद्रित पत्रके काढत होते. पुढचे संग्राहक याच मुलांतून घडले. १९७० मध्ये ओव्हरस्ट्रीट यांची दरपुस्तिका आली आणि भावाला आधार मिळाला. २००० पासून सीजीसी ही संस्था दहापैकी गुण देऊन अंक कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद करू लागली. खोट्या दुरुस्त्या त्यामुळे उघड होतात, पण तो अंक पुन्हा वाचता येत नाही. ज्यांना कथाच हव्यात त्यांच्यासाठी कॉक्रन यांनीच सबंध मालिका कापडी बांधणीच्या मोठ्या खंडांत, बहुतांशी कृष्णधवल रूपात पुन्हा छापल्या. रंग नसल्याने इंगल्स आणि क्रेग यांची रेषा तिथे मूळ अंकापेक्षाही स्वच्छ दिसते.