बेंचजवळचा दुसरा माणूस कुठून आला?

जिममधला हा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. एक जण बेंचवर आडवा होतो आणि शेजारच्या नवख्या मुलाला म्हणतो, "भावा, जरा स्पॉट दे." नवखा डोक्याशी येऊन उभा राहतो आणि मग दोनपैकी एक चूक करतो. एक तर पहिल्या रेपपासूनच बार धरून ठेवतो. मग वजन नक्की कोणी उचललं तेच कळत नाही. नाहीतर बार छातीवर अडकला तरी बघत राहतो, कारण त्याला वाटतं, गडी अजून जोर लावतोय. पहिल्या चुकीत आकडा खोटा ठरतो, दुसरीत जीव धोक्यात येतो.

आपण इतिहासाचे विद्यार्थी. आपला प्रश्न असा: हा दुसरा माणूस तिथे उभा का आहे?

ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये तो दिसत नाही. टोकियोत २०२१ मध्ये मीराबाई चानूने रौप्यपदक मिळवलं, तेव्हा मंचावर ती एकटीच होती. स्नॅच किंवा क्लीन अँड जर्क फसला, तर बार पुढे किंवा मागे सोडून देता येतो. सुटका करून घ्यायला खेळाडूला दुसऱ्या कुणाची गरज नसते.

आता आडवं होऊन वजन उचलण्याकडे या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज हॅकेनश्मिट या पैलवानाने जमिनीवर पाठ टेकून सुमारे १६४ किलो वजन वर ढकललं होतं. इथे साधं गणित करा. आजच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो. म्हणजे प्लेट जमिनीला टेकली की बार साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर थांबतो आणि बराचसा भार जमीन घेते. पण स्पर्धेतला बेंच ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच असतो. त्यावर झोपलात की प्लेट हवेत लटकते आणि सगळा भार छातीवर येतो. जमीन जे काम करत होती, ते आता माणसाला करावं लागतं.

हे काम कागदावर कसं उतरलं ते पाहायला आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचं नियमपुस्तक उघडा. महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला. मंचावर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ स्पॉटर-लोडर असावेत, असं हे पुस्तक सांगतं. पंचाच्या इशाऱ्यांच्या दरम्यान स्पॉटरने मदत होईल असा हात लावला, तर तो प्रयत्न बाद. आणि स्पॉटरच्या चुकीमुळे प्रयत्न फसला असेल, तर खेळाडूला पुन्हा संधी देता येते.

शेवटचे दोन नियम पुन्हा वाचा. लवकर हात लावणारा तो नवखा इथे सापडतो की नाही? मदतनीस चुकतो, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलंय. विजेत्यांच्या यादीत मदतनिसाचं नाव नसतं. त्याची चूक मात्र नियमात सापडते.

पण इथे जरा जपून. काय व्हावं, हे नियम सांगतो. काय झालं, हे सांगत नाही. शिवाय हे नियम स्पर्धेचे आहेत. गल्लीतल्या जिममध्ये नवख्याला कोण शिकवत होतं, हे यावरून लिहिलंत तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येणार, आणि तो रास्त असेल. त्यासाठी जुन्या प्रशिक्षकांच्या मुलाखती, व्यायामाची पुस्तकं आणि छायाचित्रं लागतील. छायाचित्रात बार उचलणाऱ्यापेक्षा कडेला कोण उभं आहे ते आधी बघा.

आता तुमच्या विषयातला एखादा नियम घ्या: वसतिगृहाचा, गिरणीचा, ग्रंथालयाचा, कुठलाही. त्याच्यासमोर एवढंच लिहा: "हा नियम कुणाची कुठली चूक गृहीत धरतो?" उत्तर लगेच पुरावा म्हणून वापरू नका. पुढे काय शोधायचं, ते मात्र त्यातून ठरेल.

आणि जिममध्ये नवख्याला उभं करणार असाल, तर बार उचलण्याआधीच सांगा: किती रेप मारणार, हात कधी लावायचा आणि कधी अजिबात नाही. आडवं झाल्यावर सांगायला दम उरत नाही.