कर्करोगाच्या कारणांचा मागोवा

कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिला मोठा तडा गेला तो १७७५ साली. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचे मूळ काजळीत आहे, असे लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले.

भारतात हा विचार रुजविला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळेत रोग्याच्या पेशींबरोबर त्याच्या सवयीही तपासल्या जाऊ लागल्या. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराचा काच, जळते टोक तोंडात धरून ओढलेला चुट्टा आणि ओठाआड धरलेली चुना-तंबाखूची चिमूट यांच्याशी निगडित असे तीन कर्करोग खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनी १९४५ साली वर्णिले.

मग मोजदाद आली. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पन्नास वर्षांनी, २०१३ साली, चंदीगडमध्येही अशी नोंदणी उभी राहिली. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास आळा घालून ते शहर २००७ सालीच 'धूम्रपानमुक्त' म्हणून घोषित झाले होते.

वारशाने आलेला जनुकदोष हे शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा कर्करोगांचेच कारण असते. तंबाखू, मद्य, दूषित हवा, काही विषाणू यांचा वाटा फार मोठा आहे. आईबापांकडून आलेला वारसा कोणाला बदलता येत नाही. तंबाखूची पुडी मात्र दुकानातच राहू देता येते.