काचेची तोफ : ‘डायब्लो’तील जादूगाराचा पूर्वेतिहास

‘डायब्लो’ हा संगणकीय खेळ १९९६ सरता सरता तयार झाला आणि १९९७ च्या आरंभी खेळाडूंच्या हाती पडला. त्यात योद्धा, तिरंदाज आणि जादूगार अशा तीन भूमिका होत्या. जादूगार निवडणाऱ्याच्या पदरी सुरुवातीला बहुधा निराशाच येई. अंगावर झगा, हातात एक दंड, आणि भुयाराच्या पहिल्याच मजल्यावर दोन-चार सांगाड्यांनी एकदम गाठले की खेळ आटोपला. जगातील सर्वांत प्रबळ विद्या ज्याच्यापाशी, तोच सर्वांत दुबळा का? उत्तरासाठी पंचवीस वर्षे मागे आणि संगणकापासून बरेच दूर जावे लागते. धागा त्यामुळे थोडा लांबला आहे.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथे राहणारे गॅरी गायगॅक्स यांनी १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह ‘चेनमेल’ ही नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. विषय मध्ययुगीन लढाया, रणांगण म्हणजे टेबल आणि सैन्य म्हणजे छोट्या मूर्ती. मोठ्या लढाईत एक मूर्ती वीस सैनिकांच्या ठिकाणी धरायची. पुस्तिकेच्या शेवटी ड्रॅगन, एल्फ आणि जादूगार यांच्यासाठी एक पुरवणी होती. आता जादू मोजायची कशी? नियमकर्त्यांनी हाताशी असलेलीच मापे वापरली. अग्निगोलाचा घेर दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या माऱ्याएवढा धरला, विजेचा लोळ जड मैदानी तोफेएवढा.

म्हणजे या खेळपरंपरेत जादूगार अवतरला तो तोफखाना म्हणून. खेळाडूंच्या बोलीत आज अशा पात्राला ‘ग्लास कॅनन’, काचेची तोफ, म्हणतात. त्यातली तोफ अशी अगदी शब्दशः खरी आहे. काच मात्र तेव्हा नव्हती. ‘चेनमेल’मधल्या जादूगाराला साधे बाण लागतच नसत.

काच आली १९७४ मध्ये. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. त्यात खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच माणूस आला, आणि हा माणूस पायरीपायरीने वाढणार होता. वाढायचे तर आधी लहान असणे भाग होते. ‘विझार्ड’ ही पदवी अकराव्या पातळीवर. पहिल्या पातळीवरचा बिचारा नुसता ‘मीडियम’. चिलखत नाही, शस्त्र म्हणून केवळ खंजीर, आणि मंत्र एकच. तो वापरला की स्मृतीतून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचललेली. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने प्राणशक्ती ठरवण्यासाठी योद्ध्याला आठ बाजूंचा फासा दिला, जादूगाराला चार बाजूंचा. नशीब खोटे असेल तर एकाच फटक्यात कथा संपावी, इतके ते आयुष्य स्वस्त होते.

अग्निगोल हाती येई पाचव्या पातळीवर. १९७१ ची तोफ खेळाडूला अशी हप्त्याहप्त्याने मिळू लागली.

हा व्यवहार अन्यायाचा वाटला तरी टेबलावर तो निभत असे, कारण जादूगार एकटा नसे. पुढे योद्धे उभे राहत आणि पायदळाने तोफेची राखण करावी तशी त्याची राखण करत. त्याच्या ‘स्लीप’ या एका मंत्राने शत्रूंची टोळीच्या टोळी निद्रिस्त झाली की त्या राखणीचे मोल वसूल होई.

संगणकाने हे सोबती काढून घेतले. रॉबर्ट कोनेके यांनी १९८३ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात लिहिलेल्या ‘मोरिया’त जादूगार भुयारात एकटाच उतरतो. वर दुकानांचे गाव, खाली मजल्यांमागून मजले. त्याला एकच आधार उरला होता, तो वेळेचा. ‘मोरिया’ पाळीपाळीने चालतो. खेळाडू कळ दाबीपर्यंत राक्षसही ताटकळतो. दुबळ्याला विचार करण्याची उसंत होती.

‘डायब्लो’चे शिल्पकार डेव्हिड ब्रेव्हिक हे याच जातीचे खेळ खेळून घडलेले, आणि त्यांचा खेळही आधी पाळीपाळीचाच होता. तो सलग चालावा असा आग्रह ब्लिझर्डने धरला. ब्रेव्हिक यांनी २०१६ मध्ये एका जाहीर व्याख्यानात सांगितले की, हा बदल काही तासांत उरकला; माउसची कळ दाबताच योद्धा चालत गेला, त्याने शस्त्र फिरवले आणि सांगाडा कोसळला. खेळांच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. पण ती हकीकत योद्ध्याच्या बाजूची आहे. जादूगाराची उरलीसुरली उसंत त्याच क्षणी गेली, याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

मग ती पहिली दहा मिनिटे कशी असत? जादू ३५, बळ १५. योद्ध्याचे आकडे १० आणि ३०. जवळ ‘फायरबोल्ट’ हा मंत्र आणि विजेच्या ठिणग्या फेकणारा दंड. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला निळा गोल म्हणजे ‘मॅना’, मंत्रशक्तीचा साठा. आणि या पहिल्या खेळात तो आपोआप भरत नसे. निळी बाटली हवी तर ट्रिस्ट्रम गावाच्या कडेला, नदीपलीकडे राहणाऱ्या एड्रियाकडे जाऊन विकत घ्यायची, तीही मोजक्या नाण्यांत. दंड पुन्हा भारण्याची कला जादूगारापाशी होती. पण दर वेळी दंडाची धारणशक्ती घटे. भुयारात धावता येत नसे. मंत्राची कळ उजवी आणि चालण्या-मारण्याची डावी असल्याने घाईत बोट चुकले की हा विद्वान सांगाड्यांच्या गर्दीत चालत जाऊन त्यांना काठीने मारू लागे!

खरी गंमत पुढे आहे. या खेळात मंत्रांच्या पोथ्या योद्ध्यालाही वाचता येत. फरक होता तो मर्यादेचा: जादूचा आकडा योद्ध्याला ५० पर्यंतच वाढवता येई, जादूगाराला २५० पर्यंत. पहिल्या मजल्यावर यातले काहीच दिसत नाही. पुढे ‘मॅना शील्ड’ हाती आले की शरीरावरचे घाव निळा गोल झेलू लागतो आणि दुबळे शरीर हा मुद्दाच मागे पडतो. तिथवर पोहोचण्याआधी खेळ सोडणाऱ्याला मात्र जादूगार कळलाच नाही, असे म्हणावे लागेल.

२००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये हे वचन उघड मांडले गेले. तिथल्या चेटकिणीची तीस कौशल्ये अग्नी, वीज आणि हिम अशा तीन शाखांत पहिल्या दिवसापासून पडद्यावर दिसतात. ‘फ्रोझन ऑर्ब’ तिसाव्या पातळीवर आहे हे नवख्यालाही ठाऊक असते. मॅना हळूहळू आपोआप भरतो, धावता येते आणि अठराव्या पातळीपासून ‘टेलिपोर्ट’ने निसटताही येते. प्रतीक्षा उरली, पण आंधळी नाही. तिन्हींत हीच मांडणी सर्वांत समंजस ठरते.

मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायब्लो ३’ने प्रतीक्षाच काढून टाकली. पहिला मंत्र ‘मॅजिक मिसाइल’. नाव थेट १९७५ च्या त्या पुरवणीतले. तो फेकायला काही खर्च पडत नाही, आणि इतर मंत्रांसाठी लागणारी शक्ती भराभर आपोआप भरते. पहिल्या अर्ध्या तासात योद्धा आणि जादूगार यांच्या जगण्यात फारसे अंतर राहत नाही. नवख्याची निराशा टळली, आणि तिच्याबरोबर तोफ मिळवल्याचा आनंदही ओसरला. शिवाय या खेळात मंत्राचा आघात हातातल्या शस्त्राच्या ताकदीवर ठरतो. त्यामुळे १९७४ मध्ये ज्याला खंजिरापलीकडे काही धरण्याची मुभा नव्हती, तो जादूगार इथे भलीमोठी कुऱ्हाड घेऊन फिरतो, आणि ती एकदाही चालवत नाही.