डिजिटल संपर्क शोध (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील डिजिटल संपर्क शोध म्हणजे कोविड-१९ च्या साथीत बाधित व्यक्तींच्या निकट सहवासात आलेल्यांचा भ्रमणध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने घेतलेला शोध होय. राज्यात वापरल्या गेलेल्या अशा ॲपमध्ये नाशिक येथे विकसित झालेले ‘महाकवच’ आणि केंद्र सरकारचे ‘आरोग्य सेतू’ ही प्रमुख होत. नागरिकांच्या हालचालींची माहिती कोणी, किती आणि किती काळ ठेवावी, यावरून सार्वजनिक आरोग्य आणि खाजगीपणाचा हक्क यांच्या समतोलाचा प्रश्न या काळात चर्चेत आला.

पार्श्वभूमी

साथ आणि खाजगीपणा यांच्यातील संघर्ष महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे १८९७ साली साथरोग अधिनियम संमत झाला. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांकरवी घरोघरी घेतलेल्या झडत्यांमुळे तीव्र असंतोष पसरला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. हाच अधिनियम मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा लागू करण्यात आला. गृह विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याची पद्धतही त्याच महिन्यात सुरू झाली.

कार्यपद्धती

महाकवच हे महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी, नाशिकमधील डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर आणि कुंभथॉन यांच्या सहभागातून तयार झाले. बाधिताच्या संपर्काचा माग घेणे आणि विलगीकरणावर देखरेख ठेवणे, अशी त्याची दोन कामे होती. विलगीकरणातील व्यक्तीभोवती आभासी सीमा आखली जाई. ती ओलांडल्यास यंत्रणेला सूचना मिळे. उपस्थिती सेल्फीद्वारे नोंदवली जाई.

आरोग्य सेतू हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेले ॲप २ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. जवळ आलेल्या दोन फोनची नोंद ते ब्लूटूथद्वारे करी. त्याशिवाय जीपीएसवरून स्थानही नोंदवी. नोंदणीवेळी नाव, दूरध्वनी क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय आणि परदेश प्रवास यांची माहिती घेतली जाई.

ग्रामीण भागातील मर्यादा

ब्लूटूथ पद्धतीत संपर्काची नोंद होण्यासाठी दोन्ही व्यक्तींकडे ॲप असावे लागते. लोकसंख्येपैकी ३०% लोकांकडे ॲप असेल, तर यादृच्छिक भेटींपैकी सुमारे ९% भेटींचीच नोंद होऊ शकते. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हा मुंबई–आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील तालुका असल्याने तेथे मुंबईशी सतत संपर्क असतो. मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरील या डोंगराळ तालुक्यात विखुरलेले आदिवासी पाडेही आहेत. जेथे स्मार्टफोन वा नेटवर्क नाही, तेथे अशा ॲपचा उपयोग मर्यादित राहतो. साध्या फोनसाठी मे २०२० मध्ये १९२१ ही दूरध्वनी सेवा सुरू करण्यात आली. तिच्यात ब्लूटूथ नोंद नव्हती.

लहान वस्तीत खाजगीपणाचा प्रश्नही वेगळा असतो. मोजकीच घरे असलेल्या पाड्यावरील स्थाननोंदीतून नाव वगळले, तरी व्यक्ती कोण हे शेजाऱ्यांना सहज ओळखता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत राज्याने पथकांमार्फत घरोघरी सर्वेक्षण केले.

कायदेशीर प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालण्यासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता आवश्यक ठरली. १ मे २०२० च्या आदेशाने केंद्रीय गृह मंत्रालयाने आरोग्य सेतू सर्व कर्मचाऱ्यांना अनिवार्य केले आणि प्रतिबंधित क्षेत्रांत १००% वापराची अपेक्षा ठेवली. डेटा संरक्षण समितीचे अध्यक्ष राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदेशीर असल्याचे मत मांडले. १७ मेच्या मार्गदर्शक सूचनांत सक्तीची भाषा सौम्य झाली.

माहितीच्या वापराचे नियम ११ मे रोजी, म्हणजे ॲप सुरू झाल्यानंतर पाचहून अधिक आठवड्यांनी जाहीर झाले. त्यांत माहिती सर्वसाधारणपणे १८० दिवसांपेक्षा अधिक काळ न ठेवण्याची अट होती. अँड्रॉइड आवृत्तीचा स्रोत २६ मे रोजी खुला झाला. २५ जानेवारी २०२१ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने वापरकर्त्यांच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्यांची आरोग्यविषयक माहिती इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली.

इतर देशांतील अनुभव

ॲपल आणि गुगल यांच्या संयुक्त प्रणालीत संपर्काच्या नोंदी मध्यवर्ती सर्व्हरऐवजी फोनमध्येच राहत आणि स्थान नोंदवले जात नसे. तिच्यावर आधारित इंग्लंड व वेल्समधील ॲपने २०२० च्या अखेरच्या महिन्यांत लाखो संसर्ग टाळले असावेत, असा अंदाज २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नॉर्वेने जून २०२० मध्ये माहिती संरक्षण प्राधिकरणाच्या आक्षेपानंतर आपले ॲप थांबवले. सिंगापूरच्या ‘ट्रेसटुगेदर’मधील माहिती गुन्हेतपासासाठी पोलिसांना उपलब्ध असल्याचे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले, पुढील महिन्यात तेथे कायद्याने हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता सीमित करण्यात आला.

सद्यस्थिती

आरोग्य सेतूमधील संपर्क शोधाची सुविधा बंद करून त्यातून जमलेली माहिती नष्ट केल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. साथीच्या काळात उपचार वा आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीशिवाय वैयक्तिक माहिती वापरण्यास त्यात मुभा आहे.