खाती तोंडं आणि वाटण्या

ज्वारीचं खळं उरकलं की घरोघर एक हिशेब होतो. पोती किती झाली, घरात किती ठेवायची, बाजारात किती न्यायची. आज वाण, खत, फवारणी काही नाही. या हिशेबाचा थोडा इतिहास लिहितोय.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावाचा घरन् घर, तुकडा न् तुकडा अभ्यास केला. 1917 साली तो छापून आला. (आज तिथं टोलेजंग इमारती आहेत, शेत शोधून सापडत नाही.) जुन्या दप्तरांवरून त्यांनी काढलं की 1771 साली गावात सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, 1818 मध्ये साडेसतरा, आणि 1915 च्या सुमारास 7 एकर. 156 खातेदार आणि जमिनीचे तुकडे सातशेच्या वर! त्यातले निम्म्याहून जास्त एकराच्या आतले. बऱ्याच घरांचं पोट बाहेरच्या मजुरीवर चालायचं.

लगेच 1918 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, हा त्यांचा मुद्दा. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसलीत, आणि हाताला काम नसलं तरी पोट खायला मागतंच. उपाय त्यांनी उद्योगधंद्यात बघितला.

कोरडवाहू घराचं गणित करून बघा. भाकरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धरली तर वर्षाला पावणेदोन-दोन क्विंटल ज्वारी. लहानथोर दहा तोंडं म्हणजे पंधरा क्विंटलच्या आसपास. एकरी अडीच क्विंटल पडली तर सहा एकर फक्त खायलाच. बी, बलुतं, सावकार वेगळे. आणि पाऊस हुकला तर?

मग लोक जास्त मुलं का होऊ देत? अडाणी होते म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. त्या काळी जन्मलेल्या दर पाच बाळांतलं एक वर्षाच्या आत जायचं. म्हातारपणी कोण सांभाळणार, औताला हात कुठून आणणार? जास्त मुलं हा त्यांचा विमाच होता. हप्ता मात्र बाईनं भरला. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर टोपल्यात उरेल ते तिचं, आणि एक अंगावर पीत असतानाच दुसरं पोटात. धान्य कणगीत असूनही ती उपाशी, हे कुठल्याच पीक आणेवारीत येत नाही.

हे दोघांनी लवकर ओळखलं. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, तरी मागं हटले नाहीत. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी वाचलं. गरिबी आणि बाईची तब्येत, दोन्ही त्यात होतं. ठराव पडला.

स्वातंत्र्यानंतर 1952 पासून सरकारी कार्यक्रम, मग भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं अजून गावोगाव आहेत. खडी फोडायला कडेवर पोर घेऊन बाया जायच्या. तिथं कुणाला कुटुंबनियोजन पटवून सांगायची गरज नव्हती. गरज होती साधनाची आणि दवाखान्याची. पण आणीबाणीत आली सक्ती. 1976 मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळानं मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, पण भीती मागं राहिली.

सक्ती नसतानाही पुढं आकडा उतरलाच. महाराष्ट्रात 1992-93 ला बाईमागं सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 ला 1.7. मुली शिकल्या, लसी आल्या, बाळं जगू लागली, तसा तो जुना विमा लागेनासा झाला. तरी जमीन काही थांबली नाही. 1970-71 च्या कृषी गणनेत राज्याची सरासरी धारणा 4.28 हेक्टर, 2015-16 मध्ये 1.34. कारण आज ज्यांच्या वाटण्या चाललेत ते सहा-सात भावंडांच्या घरात जन्मलेले. पाळणा लांबला तरी सातबाऱ्यावर त्याचा परिणाम दिसायला एक पिढी जाते. त्यामुळं ‘दोनच मुलं, आता जमीन पुरेल’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, बाबा, तुझ्या वाट्याला आली किती?

आणि ऑपरेशन कोण करून घेतं? राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी. पुरुष शंभरात एकही नाही, खरं तर बिनटाक्याची नसबंदी जास्त सोपी. टाके सुकायच्या आत ती पुन्हा खुरपायला वावरात.

तुमच्या गावचे आजोबा-पणजोबांच्या काळचे फेरफार हाताशी असतील तर एकाच गटाचे किती वाटे झाले ते मोजून कळवा.